औषध

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
पोटुशी असताना औषध घेतलं होतं का काही?
अयोध्या दचकली.
आमच्याकडं औषध घेतलं म्हणजे भलतंच असतं,
मागं मिठाचं पाणी घेऊन धावायचं असतं.
ती म्हणाली, "घेतलं न्हाई बाई. मारलं."

मग मलाच मध्ये पडून सांगावं लागलं
की मारलं म्हणजे फवारलं,
आणि तेही तिनं नाही,
तिनं नुसतं पाणी वाहिलं, ड्रममध्ये काठी फिरवली,
काठी सापडली नाही त्या दिवशी
कोपरापर्यंत हात.
बाकी वेळ कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट.
संध्याकाळी कळीतलं नरपण नखानं खुडायचं,
सकाळी दुसऱ्या फुलाचे पराग आणून तिला टेकवायचे,
दोरा बांधून खूण करायची, पुढची कळी.
पोळ्यापासून दिवाळीपर्यंत.
त्याला बोटं बारीक लागतात.
अयोध्याची बोटं दिराला मीच दाखवली होती.
प्लॉट त्याचा.
हे मात्र मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही.

स्वरा तेवढा वेळ टेबलाखाली.
सव्वातीन वर्षं. नाव आत्यानं ठेवलं, मोबाइलमध्ये बघून.
मान उशिरा धरली, बसली उशिरा,
चालली मात्र एकदम, कुणी हाक मारल्यासारखी,
आणि आता हाकेला वळत नाही.
कान तपासले. कान चांगले आहेत.
शब्द दोन. एक "दे",
दुसरा शब्द आहे की नुसता आवाज
यावर अयोध्याचं नि माझं जमत नाही.

"त्यामुळं असू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"नसूही शकतं.
एका लेकराकडं बघून कुणालाच सांगता येणार नाही.
हजार लेकरं एकत्र मोजली, तर कुठं थोडं दिसायला लागतं."

अयोध्या म्हणाली, "मपली तर एकच हाय."

येताना बदनापूरपर्यंत ती बोलली नाही.
मग म्हणाली, ताई, तुमच्या लाल गोळ्या
मी एक दिवस चुकवल्या न्हाईत.
खरं आहे. मी मोजून दिल्या, रजिस्टरात टिकल्या मारल्या,
वजन लिहिलं, पुढं लेकराचा दंडघेर लिहिला.
तिकडंही मोजूनच होतं सगळं,
एका पंपाला दोन टोपणं.
दोन्हीला आम्ही एकच शब्द वापरतो.

यंदा प्लॉटवर दैवशाला जाते. चौथा महिना.
मी दिराकडं गेले.
माणूस वाईट नाही, स्वराचा पिवळा फ्रॉक त्यानंच आणलेला.
म्हणाला, वहिनी, सरकारमान्य आहे, चोरीचं थोडंच आहे?
डबाच आणून ठेवला समोर.
लाल त्रिकोण, कवटी,
आणि मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत
किती तरी भाषा. मराठी शोधायला माझा चष्मा लागला.
लहान मुलांपासून दूर ठेवा.

किती लहान, ते लिहिलेलं नव्हतं.

दैवशालेला मी सकाळी खिचडीवर बोलावलंय,
माझ्या मानधनातून देईन काही तरी.
प्लॉटएवढं नाही पडणार. किती दिवस येईल, सांगता येत नाही.
फवारणीच्या दिवशी अंगणवाडीची मागची खिडकी लावून घेते,
उकडतं, पोरं कुरकुरतात.

स्वरा कोपऱ्यात टोपणांची रांग लावते,
निळं, पांढरं, निळं.
मधलं कुणी हलवलं तर भिंतीवर डोकं आपटते.
काल एक हिरवं होतं त्यात,
कुठून आणलं कोण जाणे.
तेवढं उचलून माझ्यापाशी आली,
माझ्याकडं न बघता हात पुढं केला,
म्हणाली, "दे."
म्हणजे घे, बहुधा.

मी घेतलं.
हात धुतले. मग तिचे धुतले,
मग परत माझे.