सातव्या आठवड्यातले शेजारी

लिव्हरपूल, नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लागले.
मर्सीवरून आलेला एक कुरव खिडकीच्या कठड्यावर
ओल्या पायांनी उभा आहे, आणि मी बघते आहे
चार मायक्रॉनची एक चकती:
मेणातून कापलेली, कोमट पाण्यावर पसरलेली,
सायीसारखी काचेवर उचलून घेतलेली.
हे डेरेकच्या हाताला जमतं. माझ्या हातून साय फाटते.

ब्लॉक अकरा. वय तेवीस. स्वादुपिंडाचं शेपूट.

पिंड म्हणजे देह, पिंड म्हणजे स्वभाव,
आणि कावळ्यापुढे ठेवतात तोही पिंडच.
तिन्ही अर्थ खोलीत येऊन बसतात,
कुणी बोलावलेलं नसताना.

रीत अशी, की गाठीला आधी कूळ विचारायचं.
पाचकरसवाल्यांपैकी का? ट्रिप्सिनचा रंग लावला. नाही.
नळीच्या भिंतीतली? नाही.
बेटांवरची, इन्सुलिनवाल्यांची?
तिथे एका रंगाने पुसट मान हलवली,
लग्नघरात अनोळखी माणूस ओळख दाखवतो तशी. बाकी नकार.
मग बीटा-कॅटेनिन.
हा खरं तर कुंपणावरचा गडी,
पेशीचा हात पेशीच्या हातात धरून ठेवणारा.
इथे तो कुंपण सोडून थेट माजघरात शिरलाय,
केंद्रकात, तपकिरी, ठळक,
आणि घर आता तोच चालवतो.

म्हणजे नाव कळलं. गाव नाही.

नावही काय, तर फुलोऱ्यासारखी दिसणारी, फुलोरा नसलेली.
रक्तवाहिनीपासून लांबच्या पेशी गळून गेल्या,
बिलगून होत्या त्या राहिल्या,
म्हणून पाकळ्या दिसतात.
गळण्यानेच झालेलं फूल.
रिपोर्टात लिहिलं, पेशीचं मूळ: अनिश्चित.
पूर्वी हा शब्द लिहिताना पेन अडायचं.

जानेवारीत पत्र आलं. नियाम केलहर, बर्कनहेड,
फेरीबोटीवर तिकिटं तपासते.
मला ती बघायची आहे, एवढंच.
सर्जन ओकेन्डन म्हणाले, कशाला?
मी म्हटलं, तिची आहे.

मंगळवारी आली. टाके अजून ओढत होते.
दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपच्या पलीकडे बसली,
सरकपट्टीची चक्री मी तिच्या हातात दिली.
बराच वेळ नुसती चक्री फिरत राहिली.
"हे जांभळं सगळं माझं?"
"तुझंच."
"आलं कुठून? आई म्हणते, ती बाटल्यांतली सरबतं."

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, म्हणतात आमच्यात.
पण नदी जिच्या पोटात निघाली
तिनेही विचारू नये, असं कुठे म्हटलंय?

मग सांगितलं. अंदाज आहे, म्हटलं, पुरावा नाही.
तू सात आठवड्यांची होतीस, घेवड्याच्या दाण्याएवढी.
स्वादुपिंडाचा कोंभ, आणि जिथून पुढे अंडाशय व्हायचं ती कड,
तेव्हा भिंतीला भिंत लागून होती.
तू वाढलीस, घरं लांब गेली.
सामान हलवताना काही पेशी
शेजाऱ्याच्या ओट्यावर राहिल्या असतील.
असतील. कुणी पाहिलेलं नाही.

"म्हणजे मला नावही नव्हतं तेव्हा?"
"कदाचित."
"मग सरबत नाही."
"नाही."
हसली, टाके ओढले, तोंड वाकडं झालं, पुन्हा हसली,
आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहून
आईशी फोनवर मोठ्याने भांडली.

ती गेल्यावर तिच्या बाजूच्या भिंगावर
काजळाचा एक ठिपका दिसला.
पुसायला कापूस घेतला, पण आधी पाहिलं,
चक्री कुठे थांबवून गेली.

अगदी कडेला. जिथे गाठ संपते
आणि तिचं धडधाकट स्वादुपिंड सुरू होतं.
मध्ये कुंपण नव्हतंच.
इकडचे दोन-चार तिकडे, तिकडचे इकडे,
तेवीस वर्षं कुणी कुणाला
गाव विचारलेलं नव्हतं.

डेरेक दिवे घालवायला आला.
म्हटलं, थांब जरा.