बियाण्याचा भाव

आखाजी उलटून चार दिवस. दोंडाईचा.
दलालाच्या तळहातावर
सुपडूआप्पाचं लसूणघासाचं बी.
तो नखानं एकेक मातकट दाणा बाजूला सारतो,
अमरवेल, अमरवेल, अमरवेल...
आठ निघतात.
आठ दाण्यांपायी किलोमागे चाळीस रुपये उतरले.
"शिवाय कच्छातून ट्रक निघालेत, आप्पा.
भाव बसणार."

जन्मताच सुपात घातलेला माणूस,
पाखडल्याशिवाय शब्दही घेत नाही.
"येऊ दे ट्रक.
पन यंदा फुलवर माशा कितल्या उन्यात,
ते इचारं का तिकडे?"

दलालाचा अंगठा फोनवर थबकतो.
आप्पा सुतळी दातात धरून
पोत्याचं तोंड पुन्हा शिवू लागतो.
घाई भावाची नाही,
म्हशींची वेळ झालीय.