प्रश्न क्रमांक सतरा

पूर्ण झालेली शालेय वर्षे : चौकटी दोन.
तांबट आळीत एवढंच विचारायचं होतं,
तेही ओरडून,
कारण पोटफोडे हातोडी थांबवत नाहीत.
"कुठली सांगू?" ते म्हणाले. "शाळेतली चार.
मग वडिलांनी इथं बसवलं. इथली अडतीस.
अजून पास झालो नाही."

चार आणि अडतीस, बेचाळीस.
दोन चौकटींत कसे नेमके बसले.
मी लिहून टाकले.

त्यांनी दोन पत्रे वाजवून दाखवले.
"हा बावीस गेज, हा चोवीस. कान देऊन ऐका."
मला दोन्ही सारखेच ऐकू आले.
माझी शालेय वर्षे एकोणीस,
मानधन अठरा हजार, करार मार्चअखेरपर्यंत.
मठाराचे ठोके एकाला एक लागून पडत होते
घागरीच्या पोटावर, माशाच्या खवल्यांसारखे,
एकही दुसऱ्यावर चढलेला नाही.
"किती असतील?" सवयीने विचारलं.
"मोजलं की हात चुकतो."

लेक डबा घेऊन आली. ऊर्मिला. बी.कॉम., दुसरं वर्ष.
प्रश्न तेवीस : कौशल्य पुढच्या पिढीस दिले का?
"मुलगा नाही मला," पोटफोडे म्हणाले.
ती उंबऱ्याशी उभी.
डब्याच्या झाकणावर तिची बोटं
बापाचा ठोका धरून होती,
एकदाही न चुकता.
मी 'नाही'वर खूण केली.

टेकडीच्या पायथ्याशी आमची संस्था,
तिथे संगणकाने पोटफोड्यांची ओळ लाल केली.
अनुभव आमच्या शास्त्रात असा काढतात :
वयातून शाळा वजा, मग आणखी सहा वजा,
ती रांगण्या-खेळण्याची.
अठ्ठेचाळीस वजा बेचाळीस वजा सहा.
शून्य.

हर्डीकर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
"टायपिंगची चूक. चार कर."
केले.
अनुभव झाला अडतीस, ओळ पुन्हा काळी झाली.
तसं पाहिलं तर हिशेब बरोबरच आला,
त्यांनी सांगितला होता तसाच.
फक्त आमच्या आलेखात
तिशीनंतर अनुभवाची रेघ खाली वाकते
आणि ते त्या उतारावर कुठेतरी
मांडी घालून बसलेले.

सगळे गेल्यावर मी बेचाळीस घालून
पुन्हा एकदा चालवून पाहिलं.
बाराशे अकरा माणसं.
तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत काहीसुद्धा हललं नाही.
खाली कॅन्टीनवाला पातेली घासत होता.
जाड बुडाचं कुठलं, पातळ कुठलं,
ओळखायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

जे शाळेने समजत नाही, वयाने नाही,
घर, भांडवल, रस्ता, वीज घालूनही उरतं,
ते समीकरणाच्या शेवटच्या पदात जातं.
निबंधात मॅडम त्याला संस्कृती म्हणतात.
पोरांना शिकवताना नुसतंच, बाकी.

फेब्रुवारीत त्यांचाच फोन आला.
"ताई, ते आमचं निघालं का काही?"
"निघालं. शाळेच्या एका वर्षामागे
कमाई सात टक्क्यांनी वाढते."
पलीकडे ठोके चालूच होते.
"सात चोक अठ्ठावीस," ते म्हणाले.
"मग बाकीचं कुणाच्या नावावर मांडलंत?"

मी काहीतरी बोलले. रेंज नाही, असं.
ते हसले असावेत, किंवा हातोडी बदलली असावी.
"ऊर्मिला विचारत होती,
तुमच्याकडे फॉर्म भरायला माणसं लागतात का.
तिला ऐकू बरं येतं."

करार संपायला सदतीस दिवस होते.
"विचारते," म्हटलं.
"विचारा. आणि बाकी काय, ठीक?"