वारा आहे का तिकडे

बाब अल बहरैनच्या मागच्या गल्लीत
अबू खलफचं कॅसेटचं दुकान, आणि आत मी,
म्हसळ्याचा लियाकत मुकादम,
एका मशिनीतून दुसरीत गाणी ओतणारा.

ते गाणं आलं नेव्हीतल्या एका पोराच्या खिशातून.
मान उन्हानं सोललेली, दाढीचं अजून ठरत नव्हतं.
म्हणाला, अमेरिकेत सात आठवडे एक नंबरला आहे,
माझी झिजली, दुसरी करून दे.
एक करताना मी दोन केल्या. धंदा आहे.

गाणं एवढंच:
एक माणूस रस्त्याकडेच्या फोनमध्ये नाणं टाकतो,
विकून टाकलेल्या घराचा नंबर फिरवतो,
कुणी परकी बाई उचलते,
तो विचारतो, वारा आहे का तिकडे,
आणि ठेवून देतो.
मध्ये एक गिटार. रडत नाही ती,
नुसतं नाक ओढते.

अबू खलफनं अर्धं ऐकलं.
म्हणाला, ह्याचा उंट मेलाय का?
हॉटेलात सॅक्स वाजवणाऱ्या आग्नेलोनं
तीन बोटं दाखवली, तीन कॉर्ड,
मग चौथं माझ्या नाकासमोर धरून विचारलं,
हे कुठंय?
मला काय ठाऊक.

पण गुरुवारी रात्री त्याच हॉटेलात
रोवेनानं ते म्हटलं,
आणि मनिलाच्या नर्सांचं अख्खं टेबल
ग्लासातला बर्फ चमच्यानं ढवळत बसलं, म्हणे, विरघळेपर्यंत.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानाबाहेर रांग.
केरळचे सुतार, लंकेच्या आया, ड्राय डॉकचे वेल्डर,
आणि गुलमीर पठाण,
ज्याला इंग्रजीतलं फक्त 'रिव्हर्स' येतं,
तोही म्हणाला, ते फोनवालं दे.
अर्थ सांगायला गेलो तर हात वर केला:
राहू दे, माझा वेगळा असेल.

पाचशे फिल्सला एक. नऊशे खपल्या.
अबू खलफ आता हिशेब करताना तेच गुणगुणतो,
उंटाचं नाव काढत नाही.

मग तो पोरगा परत आला, हातात मासिक.
कुणी शहाण्यानं लिहिलं होतं:
गायकानं घर कधी विकलंच नाही,
उलट पाचशे एकर आहेत,
आणि गाणं तिघांनी मिळून एसी खोलीत
दुपारच्या जेवणाआधी उरकलं.
पोरगा चिडलेला. पैसे परत दे म्हणाला, मग स्वतःच हसला,
आणि ढोलांची एक कॅसेट घेऊन गेला.
मी वेल्डरांना हे सांगितलं.
एकजण म्हणाला, एसीत लिहिलं? बरं झालं.
उन्हात असं सुचत नाही.

त्याच आठवड्यात घरी फोन लावला.
घरी म्हणजे पोस्टाशेजारच्या घासवाल्यांकडे,
तिथून कुणीतरी अम्मीला हाक मारायला पळतं,
इकडे नाणी पडत राहतात,
ती धापा टाकत येते, आणि आम्ही दोघं
'ऐकू येतंय का' एवढंच बोलतो.

त्या रात्री लागला भलतीकडेच.
माणगाव की महाड, कळलं नाही.
मागे खलबत्त्यात कुणी काहीतरी कुटत होतं.
कोण पाहिजे? बाईचा आवाज.
ठेवायला हवा होता.
पण शंभर फिल्स आत गेले होते, ते फुकट कसे घालवायचे?
विचारलं, वारा आहे का तिकडे?

कुटणं थांबलं. वाटलं, आता शिवी येणार.
कडी सरकल्याचा आवाज आला, खिडकीची असावी.
म्हणाली, आहे की. दोरीवरचे कपडे हलतायत.
आणि मग, हे गाण्यात नव्हतं,
त्या तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं,
ती म्हणाली, तुमच्याकडे?

मी पायानं बूथचं दार ढकललं.
बाहेर ऑगस्ट, ओल्या फडक्यासारखा तोंडावर.
दिव्याखाली गुलमीरची पिकअप, काच खाली केलेली,
आत तेच नाक ओढणं चालू.
पान हलत नव्हतं. पान नव्हतंच.

आहे, म्हणालो. बराच आहे.
आणि खिसा चाचपून
दुसरं नाणं टाकलं.