सहा आठवडे

दोघांचीही नसबंदी झाली.
डॉक्टर दंढारे म्हणाले, टाके आठवड्यात भरतील,
नराच्या अंगातला जोर ओसरायला सहा आठवडे धरा.
तोवर मधे जाळी.

मानेवाड्याच्या दोन खोल्या, कूलरची घरघर.
इकडे माझी बुंदी,
तिकडे मृण्मयीचा कोतवाल.
मृण्मयी म्हणजे ह्यांची मुलगी, पहिलीची.
दार लावून बसते. मला ‘अहो’ म्हणते.

रोज संध्याकाळी फडकी बदलते मी:
त्याचं हिच्याकडे, हिचं त्याच्याकडे.
आधी वास ओळखीचा व्हावा,
अंग मग.

पहिल्यांदा सोडले ते न्हाणीघरात,
कुणाचीच नसलेल्या फरशीवर.
केसांचा पुंजका उडाला,
मी हातांत चपला चढवून मधे.

चौथ्या दिवशी बुंदीनं मान खाली घातली,
चाट म्हणून, हट्टानं.
कोतवाल बराच वेळ दगड.
मग एकदाच
तिच्या कपाळावरून जीभ.

‘काय करून राहिली?’
दारात मृण्मयी.
मी हलले नाही.
कूलरमधे पाणी भरायचंय, एवढंच म्हटलं.

ती बादली घेऊन आली,
टेकली भिंतीशी, माझ्याच बाजूला.
मधे बादली.