धावू नकोस

कोच फोनवर म्हणाला, आता धावू नकोस.
चार महिने पायांत भरलंस,
ते सांडू नकोस.

म्हणून वेंगुर्ल्याच्या बंदरावर नुसती बसलेय.
नखं कापली, डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं तेवढं सोडून.
जुनेच बूट धुऊन कुंपणावर उलटे.
केळुसकरीण टोपली उतरवून विचारते,
"बरा नाय काय गो तुका?
दाभोलीची चढण पडली काय ओस?"

तिला काय सांगू?
सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी पुन्हा उकडा भात,
तिसऱ्या रविवार उलटेपर्यंत बंद.
समोर भरती ओसरतेय,
वाळूवर होड्या तिरक्या, बिनकामाच्या.

रात्री पोटऱ्या आपोआप दचकतात.
मी उठते, अंधारात
नंबराच्या कागदाला टोचलेल्या पिना मोजते.
चार.
परत झोपते. परत उठते.
चार.