सूर्याआधीचे तीन दिवस

ल्युइस बेटावर पीट कापायला दोन माणसं लागतात.
पीट म्हणजे दलदलीत दबून काळं पडलेलं जुनं गवत,
आमचं सरपण.
एकजण वरून लोखंडी पात्यानं ओली वीट सोडवतो,
दुसरा चरात उभा राहून ती झेलतो, काठावर फेकतो.
एकट्यादुकट्याचं हे काम नाही.
म्हणून माझे भाऊ अजून एकत्र येतात.

बोलत नाहीत. अकरा वर्षं झाली.

आयव्हर रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचा.
एका मुलीनं विचारलं,
देवानं सूर्य चौथ्या दिवशी केला
तर आधीचे तीन दिवस कशानं मोजले?
आयव्हर म्हणाला, मला माहीत नाही गं.
तो दिवस आपल्या दिवसाएवढा नसेलही.
पोरीनं घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

टॉर्मोड तेव्हा मंडळीतला वडीलधारा.
सहा म्हणजे सहा, तो बैठकीत म्हणाला,
सांज आणि सकाळ, सांज आणि सकाळ.
देवाला मोजता येत नाही, असं म्हणायचंय तुला?
आयव्हर म्हणाला, त्याला येतं.
आपल्याला वाचता येतं का, तेवढं बघू.
झालं.
पुढच्या रविवारी खडूची पेटी दुसऱ्याकडे गेली.

मी थर्मास नेते, उकडलेली अंडी,
दोन कप, एकात साखर नाही.
त्याला सांग, पातं बोथट झालंय.
त्याला सांग, पातं नाही, हात.
चार पावलांच्या अंतरात
मी निरोप पोचवत उभी.

मेच्या शेवटी, तिसऱ्या थराखाली,
पातं कशावर तरी अडलं.
बर्चचा बुंधा.
या माळावर एक झाड नाही, कधी पाहिलं नाही कुणी,
आणि याची साल अजून पांढरी,
ओल्या कागदासारखी सुटत होती.
टॉर्मोडनं हातमोजा काढला.
आयव्हर चरातच गुडघ्यावर बसला.

महापुरातलं, टॉर्मोड मला म्हणाला.
साडेचार हजार वर्षं तरी, आयव्हर मला म्हणाला.
मी मनात वजाबाकी केली.
फरक दोनशे वर्षांचासुद्धा येईना.
एवढ्यासाठी अकरा वर्षं?
पण बुंध्याच्या खाली खडक आहे,
तिथं माझी वजाबाकी संपते.

दिवस कशाला म्हणायचं
हे मला कुणी विचारलं नाही, ना बैठकीत, ना चरात.
मला एकदा दिवस गेले होते.
भरले नाहीत. सातवा लागला होता नुकता.
त्या जिवानं सूर्य पाहिला नाही.
त्याचे दिवस मीच मोजले, बोटांवर,
पोटावर हात ठेवून, हिवाळ्यातल्या
त्या लांबलचक काळोखात.
लहान होते का मोठे, काय सांगू?
दिवसच होते ते.
खड्डा आयव्हरनं खणला होता,
पेटी टॉर्मोडनं नेली, छातीशी धरून, एकट्यानं.
तेव्हा ते बोलायचे एकमेकांशी.
त्या दिवशी मात्र
दोघांनाही काही सुचलं नव्हतं.

रात्रीचे दहा वाजले, उजेड हटेना.
आमच्याकडे या दिवसांत सांज होते
आणि ती सांज आहे का सकाळ
हे नीटसं सांगता येत नाही.
पण शनिवार होता.
सातव्या दिवसाबद्दल त्यांच्यात वाद नाही.
दोघांनी एकदमच अवजारं खाली ठेवली,
एकानं पातं गवतावर पुसलं,
दुसऱ्यानं बुंध्यावर ओलं पोतं टाकलं,
साल वाळू नये म्हणून.

त्याला सांग, सोमवारी सातला,
टॉर्मोड माझ्याकडे बघत म्हणाला.

त्याला सांग,
चरातून आवाज आला,
ऐकलं मी.